शेपूट न घालणाऱ्या बाई

आमच्या वरच्या मजल्यावरच्या पीटीच्या बाईंनी या शहरात जितक्या माणसांना खाली बसवलं आहे, तितक्यांना आजवर एकाही पुढाऱ्याने उभं केलेलं नसेल. बाई पिशोरच्या शाळेत तेहतीस वर्षं मुलींना शारीरिक शिक्षण शिकवत होत्या. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, वय अडुसष्ट. निवृत्तीच्या दिवशी शिट्टी त्यांनी शाळेत जमा केली, पण नजर घरी घेऊन आल्या. ही नजर माणसाच्या चेहऱ्यावर फार वेळ थांबत नाही. घसरत घसरत ती कमरेवर येते आणि तिथेच मुक्काम करते. गारखेड्यातल्या आमच्या सोसायटीत नवा भाडेकरू आला की बाकीचे त्याचं गाव विचारतात, नोकरी विचारतात, चोंबडे असतील ते पगारही विचारतात. बाई एवढंच म्हणतात, "जरा खाली बसून दाखवता का?" समोरचा माणूस इकडेतिकडे बघत उकिडवा बसतो, बाई गोल फिरून त्याच्या पाठीमागे जाऊन उभ्या राहतात, आणि त्या एका बैठकीवरून त्याचा स्वभाव, आरोग्य आणि भाडं वेळेवर देण्याची शक्यता, असं सगळं आमच्या सेक्रेटरीला कळवून टाकतात.

त्यांची परीक्षा तशी साधी आहे. पाय खांद्याइतके फाकवायचे, टाचा जमिनीवरून उचलायच्या नाहीत आणि मांड्या पोटऱ्यांना टेकेपर्यंत खाली जायचं. इथवर बहुतेकांना जमतं. खरी गंमत शेवटच्या चार बोटांत असते. माणूस तळाला पोचता पोचता त्याची कंबर मागच्या बाजूने गोल होते आणि माकडहाड आत वळतं. मार खाल्लेल्या कुत्र्याची शेपटी पायांत जाते ना, अगदी तसं. "घातली शेपूट," बाई म्हणतात. हे त्यांच्या दृष्टीने केवळ शरीराचं वर्णन नव्हतं, तो निकाल होता. जो माणूस खाली गेल्यावर शेपूट घालतो तो पुढे संसारात, नोकरीत, कोर्टकचेरीतही घालणारच, अशी त्यांची पक्की समजूत होती. आणखी एक. उभ्या माणसाला त्या 'अहो' म्हणतात, पण तोच माणूस त्यांच्यापुढे उकिडवा बसला की लगेच 'अरे' होतो. आमच्या वॉर्डाचे माजी नगरसेवक एकदा मतं मागायला आले आणि दोन मिनिटांत 'अरे' होऊन परत गेले.

स्वतः बाई खुर्चीवर बसत नसत. खुर्ची हे आजारी माणसाचं आसन, असं त्या म्हणत. सकाळचा पेपर त्या गॅलरीत उकिडव्या बसून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत. सोसायटीची मीटिंग खाली पार्किंगमध्ये होते. सगळे लाल प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आणि बाई मधोमध जमिनीपासून वीतभर उंचीवर, दीड-दीड तास, हूं की चूं न करता. त्यांच्याशी वाद घालायचा तर अध्यक्षांना वाकावं लागे, आणि ते वाकले की बाई पाण्याच्या टँकरचा विषय बाजूला ठेवून म्हणत, "कमरेतून नको, खुब्यातून वाका." तिथेच अध्यक्षांचा मुद्दा हुकत असे. रविवारी सकाळी विहारात वंदना झाली की त्या जमलेल्या बायामाणसांना अर्धा तास उठवतात-बसवतात. भंतेजी कायम मांडी घालून बसतात, म्हणून तेवढे सुटले. आमच्याकडे नळाचं काम करायला सलीमभाई येतात. ते एकदा सिंकखाली डोकं घालून बसले असताना बाई मागे टॉर्च घेऊन उभ्या राहिल्या. सलीमभाईंना वाटलं, उजेड दाखवतायत. मग बाई म्हणाल्या, "सलीमभाई, कंबर गोल झाली." आतून आवाज आला, "बाई, पाइपच तिरपा है, मैं सीधा कैसे रहूँ?" यावर बाईंनी बराच विचार केला आणि दुसऱ्या दिवशी सिंक चार इंच वर घ्यायचा सल्ला माझ्या बायकोला देऊन गेल्या.

मी स्वतः त्यांच्या तावडीत सापडलो तो माझ्याच कमरेमुळे. मी एका कॉलेजात ग्रंथपाल आहे, आणि आमच्याकडे जी पुस्तकं मुलांना हवी असतात ती नेमकी सगळ्यात खालच्या फळीवर असतात. असंच एकदा एक जाडजूड पुस्तक काढायला वाकलो आणि कमरेत अशी काही कळ आली की पुस्तकासकट तिथेच अडकलो. दोन विद्यार्थ्यांनी मला रिक्षात आडवं घातलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पट्टा दिला. चौथ्या दिवशी बाई खाली आल्या. कसं काय, बरं आहे का, असलं काही त्यांनी विचारलं नाही. स्वयंपाकघरातून त्यांनी एक पातेलं काठोकाठ पाण्याने भरून आणलं आणि माझ्यासमोर धरलं.

"हे तुमचं कटीचं हाड. बेंबीच्या दोन्ही बाजूला हात लावा, हाड लागतंय का? ते पातेल्याचे कान. आता पातेलं पुढं कलतं केलं," त्यांनी ते खरोखरच कलतं केलं, "तर पाणी पायावर. मागं कलतं केलं तर पाणी ढुंगणावर. बसताना, उठताना, वाकताना, पाणी सांडायचं नाय. कळलं?"

कळलं होतं, कारण माझ्या लेंग्याला ते चांगलंच कळलं होतं. तिथून पुढे तीन महिने बाईंनी माझी शाळा घेतली. झाडूचा दांडा पाठीला लावून बांधत. डोकं, पाठ आणि माकडहाड अशा तीन ठिकाणी दांडा टेकला पाहिजे, आणि खाली जाताना एकही जागा सुटता कामा नये. सुरुवातीला मी गुडघ्यापर्यंतच जात असे. बायको सुनंदा दारातून बघून तोंडाला पदर लावायची. पण हळूहळू कंबर ऐकायला लागली. पट्टा कपाटात गेला. खालच्या फळीपुढे मी आता ऐटीत बसू लागलो, इतका सावकाश आणि इतका जपून की एका विद्यार्थिनीने विचारलं, "सर, काही सांडलंय का?" मी म्हटलं, "नाही, सांडू नये म्हणूनच चाललंय."

गेल्या वर्षी आमच्या समोरच्या दुकानांच्या इमारतीत काचेची जिम निघाली. आता रस्त्यावरून आत बैठका मारणारी माणसं दिसतायत आणि बाई बाहेर उभ्या राहतील, हे शक्यच नव्हतं. पहिले दोन दिवस त्यांनी काचेवर टकटक केली. तिसऱ्या दिवशी आत गेल्या. तिथला ट्रेनर अझहर हा पस्तिशीचा, दांडगा आणि मोठ्या माणसांपुढे आवाज न चढवणारा गृहस्थ. त्याला अशा बाई आयुष्यात पहिल्यांदाच भेटल्या होत्या. त्याने त्यांना फी न घेता रोज सकाळी यायला सांगितलं. महिन्याभरात असं झालं की पोरं खांद्यावर लोखंडी दांडी घ्यायची, खाली जायची आणि आरशात स्वतःकडे न बघता मागे बाई कुठे आहेत ते बघायची. "घातली," असं बाई शांतपणे म्हणाल्या की शंभर किलो उचलणारा पैलवानही ओशाळायचा. बाई स्वतःही दांडी घेऊ लागल्या. आधी नुसती, मग दोन्ही बाजूंना छोट्या चकत्या लावून. नऊवारीपलीकडे कधी न गेलेल्या आमच्या बाई ट्रॅकपँटमध्ये दिसू लागल्या, आणि मला सांगायला हरकत नाही, त्या दिवसांत त्यांच्याइतका आनंदी माणूस अख्ख्या गारखेड्यात नव्हता. जिना चढताना त्या शीळ घालत.

मग अझहरच्या मनात आलं की बाईंचा व्हिडिओ काढावा आणि जिमच्या पानावर टाकावा. अडुसष्ट वर्षांची बाई, खांद्यावर दांडी आणि बैठक अशी की पोरांनी लाजावं. त्या सकाळी बाईंनी केस नीट बांधले. मीही बघायला गेलो होतो. अझहरने मोबाइल बाजूने धरला. बाई सावकाश खाली गेल्या, क्षणभर थांबल्या, वर आल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी घाम पुसला आणि म्हणाल्या, "दाखव बघू."

मोबाइल हातात घेऊन त्या बघत होत्या. एकदा पाहून झालं. "पुन्हा लाव." दुसऱ्यांदा झालं. "ते हळू करता येतं ना, तसं लाव." त्याने हळू केलं. बाईंच्या खांद्यावरून मलाही दिसलं. खाली जाताना त्यांची पाठ दांड्यासारखी सरळ होती. पण शेवटच्या चार बोटांत, अगदी तळाला, कंबर गोल झाली आणि माकडहाड आत वळलं. तसं थोडंसंच. पण बाईंच्या नजरेने आयुष्यभर जे पकडलं होतं, नेमकं तेच.

"हे कायम होतंय का?" बाईंनी विचारलं.

अझहर खोटं बोलू शकला असता. तो म्हणाला, "बाई, जब से आप आए, तब से है. लेकिन उसमें क्या है, बहुतों का होता. मैं बोलने वाला था, फिर लगा, आपको कौन बोले?"

बाईंनी मोबाइल त्याच्या हातात दिला, दांडी जागेवर ठेवली, चकत्या काढून नीट रचल्या आणि घरी गेल्या.

पुढचे आठ दिवस त्या दिसल्याच नाहीत. गॅलरीत पेपर घडीसकट पडून राहायचा. नवव्या दिवशी सोसायटीची मीटिंग होती. बाई खाली आल्या, कोपऱ्यातली एक लाल खुर्ची ओढली आणि तिच्यावर बसल्या. टँकरचा ठराव विरोधाशिवाय मंजूर झाला, आणि मंजूर झाल्यावर अध्यक्षांनाच इतकं चुकल्यासारखं झालं की ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाईंना काही झालंय का हो? जरा वर जाऊन बघा."

मी आणि सुनंदा वर गेलो. बाईंनी चहा केला. मग स्वतःच बोलायला लागल्या. "मला माझ्या कमरेचं वाईट नाय वाटत. मला एका पोरीचं वाटतंय."

ती गोष्ट अशी. बाई तेव्हा तिशीत होत्या. शाळेचा खो-खोचा संघ जिल्ह्याला जायचा होता. आठवीत कमल नावाची एक पोरगी होती. पळण्यात तिला तोड नव्हती. पण खो-खोत आधी रांगेत उकिडवं बसावं लागतं, पाठीवर खो मिळाला की उसळून उठावं लागतं. कमल बसली की कंबर गोल व्हायची, शेपूट आत. बाईंनी तिला महिनाभर रोज मैदानाच्या कडेला वेगळं बसवलं, दांडा लावला, बोलल्या, रडवलं. तिची कंबर काही सुधारली नाही. "जी खाली बसल्यावर शेपूट घालती, ती जिल्ह्याला काय करणार, असं मी सगळ्या पोरींसमोर बोलले," बाई म्हणाल्या. संघातून तिचं नाव काढलं. कमल पुन्हा मैदानावर आली नाही. दहावीनंतर तिचं गावातच लग्न झालं.

"आणि मी स्वतः तशीच बसत होते," बाई म्हणाल्या. "मला कुणी मागून बघितलंच नाय."

मी दुसऱ्या दिवशी अझहरला गाठलं. त्याची बहीण फिजिओथेरपिस्ट आहे, टीव्ही सेंटरजवळ तिचा छोटा दवाखाना आहे. बाईंना तिथे न्यायला आम्हाला दोन दिवस आर्जवं करावी लागली. त्या मुलीने बाईंना पलंगावर उताणं झोपवलं, एक गुडघा धरला आणि हळूहळू छातीकडे नेला. दुसरा हात तिने बाईंच्या कमरेखाली ठेवला होता. एका ठिकाणी ती थांबली.

"बाई, इथपर्यंत फक्त मांडी येतेय. आता याच्या पुढे नेते. बघा, कंबर वळायला लागली. तुमच्या खुब्याची वाटी खोल आहे. मांडीचं हाड वाटीच्या काठाला टेकतं. त्याला पुढं जायला जागाच नाही, म्हणून सगळी कटीच फिरते. ही चूक नाही. ठेवण आहे तुमची."

"जन्मापासून?"

"हाडं वाढतात तशी होते. कुणाची वाटी उथळ, कुणाची खोल. कुणाचा घोटा कडक असतो, त्यानेही कंबर वळते. तुम्ही पाय थोडे जास्त फाकवा, चवडे बाहेर करा. खांद्यावर वजन असेल तेव्हा कंबर वळायच्या आधी थांबा. आणि नुसतं बसताना थोडी वळली, दुखत नसेल, तर वळू द्या. त्याने काही बिघडत नाही."

बाई छताकडे बघत म्हणाल्या, "म्हणजे सगळ्यांना एकच दांडा लावून उपयोग नाय." आणि जरा वेळाने, "मग तिची पण वाटी खोल असंल."

बाई एकट्या कुठेही जातात. मुलाकडे पुण्याला जातात, नागपूरला जातात. पण पिशोरला निघताना त्यांनी मला सोबत चलायला सांगितलं. "एकटी गेले तर फाट्यावरूनच माघारी येईन," त्या म्हणाल्या. मी रजा टाकली. फुलंब्रीवरून एसटीने आम्ही पिशोरला उतरलो. बाजारात चौकशी केली तर प्रत्येक दुकानात बाईंची एक तरी विद्यार्थिनी निघायची किंवा विद्यार्थिनीचा नवरा निघायचा, आणि प्रत्येक ठिकाणी चहा. कमल गावाबाहेर, रस्त्यापासून दोन शेतं आत राहते, अद्रकाची शेती आहे, एवढं कळलं.

आम्ही पोचलो तेव्हा शेडखाली चार-पाच बाया अद्रकाची माती झाडत बसल्या होत्या. त्यातली पन्नाशीची एक बाई उकिडवी बसून, कंबर गोल करून, इतक्या झपाट्याने हात चालवत होती की बाकीच्यांच्या दुप्पट ढीग तिच्यापुढे होता. बाई सवयीने तिच्या मागच्या बाजूला निघाल्या आणि मध्येच थांबल्या. मग वळून तिच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या.

"कमल, ओळखलंस का?"

तिने वर पाहिलं, हातातलं अद्रक टाकलं आणि उठून बाईंच्या पाया पडली. "बाई, तुम्ही? बसा की. अगं, खुर्ची आणा कुणीतरी."

"खुर्ची नको," असं म्हणून बाई तिच्या पुढ्यात खाली बसल्या. पाय जरा रुंद, चवडे बाहेर. दोघींची कंबर गोल झालेली मला बाजूने दिसत होती. "कमल, मी तुला खो-खोच्या संघातून काढलं होतं. तुला वाईट बोलले होते. आठवतंय का?"

"आठवतंय की."

"तुझी चूक नव्हती. हाडाची ठेवणच तशी असती. माझी पण तशीच हाय. मला आता कळलं."

कमल हाताची माती चोळत राहिली. "मला ते तवाच ठाऊक होतं, बाई," ती म्हणाली. "माझी आय तशीच बसायची. आता माझी पोरगी बी तशीच बसती."

"मग मला सांगितलं का नाय तू?"

"तुम्ही बाई होता. तुम्हाला कोण सांगणार?" ती हसली, पण ते हसू लगेच आवरलं. "लई रडले मी त्या दिवशी. मंग इसरून बी गेले. कामं काय कमी हायेत का?"

बाईंनी तिच्या हातावर हात ठेवला. त्यापुढे माफीचा विषय कुणी काढला नाही. भाकरी झाली, वांग्याची भाजी झाली, ठेचा झाला. कमलने बाईंना तिची शेती दाखवली, सुना दाखवल्या, कॉलेजात शिकणाऱ्या मुलीचा फोटो दाखवला. बाई त्या फोटोकडे बघत म्हणाल्या, "डोळे तुझ्यावर गेलेत." बाईंच्या तोंडून कुणाच्या डोळ्यांबद्दल काही ऐकण्याची ती माझी पहिलीच वेळ होती. दुपारभर दोघी त्या मैदानाबद्दल, तिथल्या लिंबाच्या झाडाबद्दल, हेडमास्तरांच्या सायकलीबद्दल बोलत हसत राहिल्या. बाई इतकं हसल्या की त्यांना ठसका लागला.

पाचची गाडी होती. रस्त्यावर हात केला, एसटी थांबली, आम्ही चढून बसलो. कंडक्टरने दोरी ओढली, गाडी हलली. तेवढ्यात मला खिडकीतून दिसलं की शेडपासून कमल पळत येतेय, काखेत अद्रकाची पिशवी. आमच्यासाठी भरून ठेवलेली पिशवी तशीच राहिली होती. तिने लुगड्याचा काष्टा खोचला होता आणि नांगरलेल्या ढेकळांवरून ती सरळ रेषेत येत होती, बांध आला तर न थांबता त्यावरून उडी. चपला तिने केव्हाच मागे टाकल्या होत्या. कंडक्टर म्हणाला, "थांबा ड्रायव्हरसाहेब, बाई येतायत," पण गाडी पुरती थांबायच्या आत ती खिडकीपाशी पोचली होती. पिशवी तिने आत सरकवली. तिला धाप लागली होती आणि ती हसत होती.

"सांभाळून जा, बाई. पोचल्यावर फोन करा."

गाडी सुटली. बाई पिशवी मांडीवर घेऊन खिडकीतून मागे बघत राहिल्या. रस्त्याचं वळण आलं, कमल दिसेनाशी झाली, तरी त्यांनी मान वळवली नाही. फुलंब्री जवळ आल्यावर त्या पहिल्यांदा बोलल्या, माझ्याशी की स्वतःशी, ते मला कळलं नाही.

"काय पळती हो ती."

मी होय म्हणालो. मग त्या हळूच म्हणाल्या, "तेव्हा जिल्ह्याला नेली असती तर..." आणि वाक्य तिथेच ठेवून पिशवीची गाठ पुन्हा पुन्हा घट्ट करत राहिल्या.